दोन मात्रा

उन्हाळ्यात काळू नदीचे उरत तीनच डोह.
मधल्यावर जैतूचा हक्क,
कारण मुठे कुठल्या बिळात बसलेत
ते आधी त्याच्या हाताला कळे, मग त्याला.
मी काठावर, टोपली धरून.
आमच्या घरात मुठे शिजत नसत,
म्हणून त्यानंच भाजून दिले एकदा
राबाच्या विझत आलेल्या ढिगात,
आणि चूळ भरायला लावून, हाताचा वास घेऊन
मगच मला घरी सोडलं.

त्याचा बाप गोमा आमच्या गोठ्यामागं असे.
बैल असत, गोमा असे,
पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं असत.
का असतात, हे मी कशाबद्दलच विचारलं नव्हतं.

मुरबाडच्या शाळेतून परतलो
की बांधावर जैतू: आज काय दिलं रं?
सागाचं कोवळं पान तळव्यावर चोळलं
की लाल उतरतं, चार दिवस जात नाही.
त्या लालात बोट बुडवून
कातळावर मी त्याला त्याचं नाव काढून दिलं.
त्याचा ज पोट सुटलेला, तोंड दुसरीकडे.
वरच्या दोन मात्रा पाहून खूश झाला,
खालचा उकार पाहून तर लोळलाच:
माजं नाव ढोरच हाय रं दिगू,
शिंगा हाईत, शेपूट बी हाय!
महिनाभर दिसेल त्या दगडावर
ते ढोर चरत होतं.

सोळाव्या वर्षी त्याचं लग्न ठरलं.
मुलगी मथी, नदीपल्याडच्या पाड्यावरची.
बाबा म्हणाले, दिगंबर,
अक्षर वळणदार झालंय तुझं, आज वही तू लिही.
मी लिहिलं.
जैतू वलद गोमा ठाकूर.
लग्नाकरिता रोख रुपये पंचावन्न,
भात दोन मण, लुगडं एक.
फिटेतोवर चाकरी करील.
बायकोही, बाबा म्हणाले.
ओळीत जागा उरली नव्हती,
तो शब्द मी समासात बसवला.

बाबांनी शाईची डबी सरकवली.
जैतूनं टाकाकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
त्याला लिहिता येतं.
तीनच शब्द होते.
मी वाळलेल्या ओळींवर फुंकर घालत राहिलो.

त्यानं अंगठा दिला.
पायरी उतरताना म्हणाला, येतो शेट.
ओटीवर बाबाही होते,
तेव्हा बाबांनाच म्हणाला असेल.

गोमा मेला तेव्हा त्याचा आकडा
जैतूच्या पानावर आला. तीही ओळ माझीच.
गवताच्या गाड्या कल्याणला जात राहिल्या,
मुंबईच्या घोड्यांसाठी.
गाडीवर जैतू, कधी पुढं, कधी जुंपल्यासारखा चाकाशी.
मथीनं कांडलेला भात मी अकरा वर्षं खाल्ला.
दाताखाली खडा आला नाही एकदाही.

मग पाड्यापाड्यावर सभा झाल्या,
लग्नगडी मोकळे, अशी दवंडी आली.
सकाळीच जैतू अंगणात उभा.
बस म्हटलं, बसला नाही.
माजं पान दे, म्हणाला.
दिगू नाही, शेट नाही,
नुसतंच, दे.
मी म्हणालो, वाळवी लागली रे, वहीच गेली.
त्यानं स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं,
जसं बिळात हात घालण्याआधी पाहायचा.
बरं, म्हणाला.
मथीला हाक मारली
आणि डोह टाळून, वरच्या उतारानं
दोघं नदीपार गेली.

वाळवी लागली नव्हती.
वही इथं आहे, बदलापूरच्या फ्लॅटमध्ये,
गॅसच्या पावत्यांखाली.
डॉक्टरांनी डोळ्यांना ताण नको म्हटलंय,
तरी काढतो कधी.
अंगठा मधोमध दाबलाय, कडेला थोडा फिरलाय,
जैतूनं काहीतरी काढायला घेतलं
आणि थांबला, असा.

वर माझं अक्षर.
दोन्ही मात्रा शिरोरेघेला टेकलेल्या,
शेपूट नीट वळलेलं.
शुद्धलेखनाची चूक एकही नाही.